थोरलीची गादी

मोबाइल उलटे ठेवा सगळे. गेलेली लाइट तासाभरात काही येत नाही. मी त्या खात्यात नव्हतो, पण शेजारच्या खात्यात होतो, मला माहीत आहे. आणि शेंडेफळ, तू माझ्या मागे बसू नकोस, पुढे ये. मागच्या वेळी भ्यालीस आणि माझ्या सदऱ्याची बाही उसवलीस.

गोष्ट माझी नाही, हळूभाऊची आहे. आमच्या पाण्याच्या टाकीसमोर त्याचं गाद्यांचं दुकान होतं. त्याला खरं नाव होतं म्हणा, पण ते फक्त लाइटबिलावर यायचं. हळूभाऊ का म्हणत, तर हा माणूस सावरीचं काम करायचा. सावरीच्या झाडाची बोंडं उन्हाळ्यात तडकतात आणि आतून रेशमासारखा कापूस निघतो. तो इतका गुळगुळीत की त्याचं सूत निघत नाही, पिंजायला घ्यावा तर हाताला लागत नाही, वर पाणी शिंपडावं तर लेकाचा भिजतही नाही. उशा-गाद्या भरायला मात्र त्याच्यासारखं दुसरं काही नाही. खोड एकच, वारा. कुणी शिंकलं की अर्धी उशी छताला. म्हणून त्याच्या दुकानात पंखा नव्हता, आणि दारात कुणीही आलं की हा हात वर करून म्हणायचा, "हळू." हळू बोला, हळू हसा, दार हळू लावा. तान्हं पोर रडलं तरी त्याला हळू रड म्हणायचा, असं आम्ही त्याला चिडवायचो.

एप्रिलातला दुसरा शनिवार होता. दिवस मावळताना हळूभाऊ जाडा दोरा आणि दाभण घ्यायला बाजारात निघाला होता, तो वाटेत माझ्याकडे टेकला. मी तेव्हा टाकीवर पंप बघायचो, रात्रपाळी. चेहरा पार उतरलेला. सकाळपासून मांडी घालून एका लॉजच्या उशा भरल्या होत्या.

"आता घरी जाऊन पड की," मी म्हटलं.

"पडतोय कुठला. धाकटीकडे जायचंय. थोरलीची गादी उकलायचीय."

"या वेळी?"

"दिवसा वारा असतो बाबा. सावरी रात्रीच उकलावी. आणि तिला सुट्टी रविवारचीच."

धाकटी आणि थोरली म्हणजे आमच्या मागच्या गल्लीतल्या दोघी बहिणी. पुढची खोली, मागची खोली, मोरी, एवढं घर. थोरलीच्या अंगावरून वारं गेलं तेव्हा धाकटी ऐन तिशीत होती. त्यानंतर थोरली कधी उठली नाही. वाचाही गेली. धाकटी दिवसा शर्टांच्या कारखान्यात कॉलरी शिवायची आणि रात्री बहिणीचं करायची. झोपून असलेल्या माणसाला दर थोड्या वेळानं कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठ चिघळते. थोरलीला हाक मारता यायची नाही. अंग दुखायला लागलं की ती तोंडानं फुंकायची. दोनदा. फू... फू... एवढंच. आणि खाटेशेजारी खाली चटईवर झोपलेली धाकटी तेवढ्यानं उठायची. वर्षानुवर्षं. बहीण सावरीच्या गादीवर, ही चटईवर.

तीनच महिन्यांपूर्वी थोरली गेली होती.

हळूभाऊ पोचला तेव्हा धाकटी उंबऱ्यात बसली होती. डोळ्यांखाली काळं. उजव्या हाताच्या बोटाला पट्टी.

"काय झालं गं बोटाला?"

"मशीनवर डोळा लागला, भाऊ. सुई आरपार गेली. सुपरवायझर म्हणाला, अजून एकदा असं झालं तर घरी बस." ती हसली. हसायचं म्हणून हसली. "मला ना, खरं सांगू? ती गेली त्या रात्री मी आधी झोपले. मग उठून रडले. म्हटलं, आता झोप मिळेल. कुठली मिळते! डोळा लागला की जाग येते, कुणी उठवल्यासारखी. रोज. रात्रभर."

"सवय आहे गं. जाईल हळूहळू."

"कधी जाईल? नोकरी गेल्यावर?" मग तिनं आतल्या खोलीकडे हात केला. "म्हटलं, आपणच त्या गादीवर झोपावं. एकदा तरी मऊ झोपावं माणसानं. पण झोपताच येत नाही. मधोमध तिचा खळगा पडलाय. मी त्यात नीट बसते, भाऊ. तेच नको वाटतं. तुम्ही सगळी उकला, फुलवा आणि परत भरा. माझी करून द्या."

हळूभाऊचं वय आणि पोट बघता गल्लीत कुणी बोट दाखवणार नव्हतं. तो आत गेला, ही पुढच्या खोलीत चटईवर आडवी झाली.

मागची खोली लहान. खाट आधीच बाहेर काढलेली, भिंतीवर तिच्या रेघा. फिनेल आणि पावडरचा वास अजून होता. हळूभाऊनं त्याच्या पद्धतीनं खोली बांधली. खिडकी लावली. दाराला आतून कडी घातली आणि खालच्या फटीत जुनी चादर कोंबली. नाकाला फडकं. मग ब्लेडनं टाके कापले आणि गादी उघडली.

कडेची सावरी अजून छान होती, नुसता हात लागला की फुलणारी. मधली मात्र दबून पापडासारखी झाली होती. आणि त्या पापडाला आकार होता. खांदा, कंबर, गुडघे. हळूभाऊनं असे पुष्कळ बघितले होते. गादीवाल्याला काय, गावातल्या निम्म्या माणसांची पाठ माहीत असते. त्यानं हातानं तुकडे सोडवले, मोठ्या टोपलीत टाकले आणि आडव्या काड्या मारलेली रवीसारखी काठी दोन्ही तळव्यांत घेऊन फिरवायला लागला. सावरी वर येते, फुलते, टोपलीतून सांडते. खोली हळूहळू पांढरी व्हायला लागली.

बराच वेळ गेला. हात भरून आले म्हणून तो थांबला, भिंतीला टेकला. उडालेली सावरी खाली बसली. सगळीकडे सारखा पातळ थर. पांढरा, गप्प.

आणि खाटेची उशी जिथं असायची ना, तिथली सावरी सरकली.

जराशी. कुणी फुंकर घालावी तशी. परत एकदा. मग थांबली.

"झरोक्यातून वारा आला असेल, मामा."

शाबास चष्मिश. हळूभाऊलाही अगदी हेच वाटलं. आणि इथंच त्याचं चुकलं, बरं का. तुमच्यामाझ्यासारखा असता तर दार उघडून बाहेर आला असता, पाणी प्यायला असता, जाऊ दे म्हणाला असता. पण ह्या माणसाची हयात वाऱ्याची भोकं बुजवण्यात गेलेली. त्यानं स्टुलावर चढून झरोक्याला वर्तमानपत्र लावलं, चिकटपट्टीनं चारही बाजूंनी बंद केलं. खाली उतरला. बसला. काठी हातात घेतली.

सावरी परत सरकली. दोनदा.

म्हणजे खिडकी, तो म्हणाला. खिडकीच्या फटीत चिंधी घातली. मग स्विचच्या पेटीमागची फट चिकटपट्टीनं बुजवली. भिंतीत एक खिळा निघालेला होता, त्या भोकात चिंधी जाईना म्हणून साबणाचा तुकडा दाबला. खोली आणखी बंद. आणखी बंद. आता काडीचाही वारा येणार नाही अशी त्यानं केली. घामानं बनियन अंगाला चिकटलं. बल्बची वायरसुद्धा हलत नव्हती.

मग तो बसला आणि बघत राहिला.

नाकावरचं फडकं घट्ट दाबून त्यानं श्वास धरला. म्हटलं, माझाच श्वास असेल. त्याच्या मनगटावर सावरीची एक लव चिकटली होती. उभी. स्थिर.

ती वाकली.

फू...

सरळ झाली.

फू...

त्यानं श्वास धरलेलाच होता.

...

आणि त्याच क्षणी बाहेर चटई वाजली. स्लिपरा वाजल्या. दाराशी येऊन थांबल्या.

"भाऊ?"

त्यानं धरलेला श्वास सोडला.

"भाऊ, तुम्ही हाक मारली का?"

"नाही," तो म्हणाला. "झोप तू."

"झोपलेच होते. जाग आली." ती थोडा वेळ उभी राहिली असावी. "रोज अशीच येते बघा." स्लिपरा परत गेल्या. चटई वाजली.

हळूभाऊ मला म्हणाला होता, "अरे, मी भ्यालो ते त्या फुंकरीला नाही. मी भ्यालो ते तिच्या उठण्याला. सवय नव्हती रे ती. तिला खरंच कुणीतरी उठवत होतं."

पळावं असं त्याच्या मनात आलं. खोटं कशाला सांगू, आलंच. पण उघडी सावरी टाकून गादीवाला उठत नाही, आणि बाहेर जायची वाट धाकटीच्या उशाशीच. तिला काय सांगणार? तुझी बहीण अजून इथंच आहे? एवढं कळलं असतं तर ती बाई जन्मभर परत झोपली नसती. फुंकर ऐकायला बसली असती. तिचा स्वभावच तसा.

त्यानं भराभर सावरी खोळीत भरली. टाके घालायला थांबला नाही, एक बाजू तशीच दुमडली. गादी जमिनीवर पसरली. इतक्यात तिच्या डोक्याकडची सांडलेली सावरी हलली.

एकदा.

बाहेर चटईची नुसती कुरकुर ऐकू आली.

दुसरी फुंकर यायच्या आत हळूभाऊनं गादी दोन्ही हातांनी धरली आणि उलटी केली. का केली, त्याला विचारू नका. हात आपोआप गेले म्हणाला. माणसाला वळवतात तशी, आधी खांद्याकडून, मग कमरेकडून.

सगळं थांबलं.

बाहेर धाकटी उठली नाही.

तेव्हा त्याला कळलं, आज रात्री आपल्याला काय करायचंय.

नंतर त्यानं किती वेळा ती गादी वळवली, देव जाणे. थोडा वेळ शांत जायचा. मग सावरी सरकायची. हा गुडघ्यांवर उठायचा. वळवायचा. बसायचा. परत सरकायची. परत वळवायचा. सावरीची गादी हलकी असते रे, एका हातानं उचलावी. पण दमलेल्या माणसाला उशीसुद्धा जड होते. कंबर मोडली. डोळ्यांत सावरी गेलेली, डोळे चुरचुरत होते. भीती केव्हाच मागे पडली होती, नुसता कंटाळा उरला होता, हाडांपर्यंत गेलेला. त्याला वाटलं, आपण एका रात्रीत एवढे मेलो, ही बाई कशी जगली असेल?

एकदा सावरी सरकली आणि तो उठलाच नाही. बसल्या बसल्या बोलला. जन्मात पहिल्यांदा कामावर तोंड उघडून बोलला. समोरची सावरी उडाली तरी बोलला.

"थोरले, किती गं? मी म्हातारा माणूस. आणि ती... ती मशीनवर झोपते गं आता. बोटातून सुई गेली. अजून एकदा गेली तर काढतील तिला. खायचं काय तिनं? तुझं दुखतंय, कळतंय मला. पण तिलाही बघ ना कधीतरी. तिची कूस कुणी बदलायची?"

खोली गप्प.

उडालेली सावरी हळूहळू खाली आली.

मग एक फुंकर. एकच. लांब. उसासा टाकावा तशी...

दुसरीची वाट बघता बघता हळूभाऊचा डोळा लागला.

जागा झाला तेव्हा खिडकीच्या काचेवर उजेड होता. मान अवघडलेली. पहिलं मनात आलं, चुकली. एक फुंकर चुकली. त्यानं गादीकडे बघितलं.

गादी होती तशीच होती.

जमिनीवरची सावरी तशी नव्हती.

गादीपासून दारापर्यंत जमीन स्वच्छ होती. हातभर रुंद. दोन्ही बाजूंना सावरी सरकून बसली होती. पायांचे ठसे नाहीत. काही नाही. नुसती वाट.

दाराची कडी आतून लागलेली. फटीत चादर कोंबलेली.

ती बाहेर गेली होती.

धाकटीकडे.

कडी काढायला त्याला किती वेळ लागला, ते त्यानं मला कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

धाकटी चटईवर कुशीवर पडली होती. भिंतीकडे तोंड. अजिबात हलत नव्हती. जरा आवाज झाला की उठणारी बाई... दार करकरलं तरी उठली नाही.

"धाकटे."

काही नाही.

"धाकटे!" हळूभाऊ ओरडला. हळूभाऊ!

काही नाही.

तो तिच्याजवळ गुडघ्यावर बसला. हात लावायचा धीर होईना. स्वतःच्या मिशीला चिकटलेली सावरी त्यानं चिमटीत धरली आणि तिच्या नाकापाशी नेली. चिमटीच थरथरत होती, त्यामुळे काही कळेना. मग दुसऱ्या हातानं मनगट घट्ट धरलं.

लव स्थिर.

...

स्थिर.

मग वाकली. सरळ झाली. परत वाकली. सावकाश. गाढ झोपलेल्या माणसाची.

तिथंच त्यानं बसकण मारली. मग उठून थेट माझ्याकडे आला. माझी पाळी संपत होती. भुवयांवर, मिशीवर, कानात सावरी. मी म्हटलं, "एका रात्रीत पिकलास की रे!" तो हसला नाही. म्हणाला, "चल. तिला एकटीला टाकू नको वाटतंय. आणि मला एकट्याला तिथं बसवत नाही."

आम्ही दोघं तिच्या उंबऱ्यात बसलो. त्यानं मला सगळं सांगितलं, मी तुम्हाला सांगितलं तसंच. खरं सांगतो, मी निम्मं सोडून दिलं. रात्रभर बंद खोलीत कोंडून घेतलेला, दमलेला माणूस. डोक्यात वारं शिरणारच. गल्लीतून माणसं गेली, सायकली गेल्या, भांडीवाली ओरडून गेली. धाकटी झोपलेलीच. ऊन उंबऱ्यावरून आत गेलं. दुपार झाली. आम्ही आळीपाळीनं चहा पिऊन आलो.

दुपार कलताना ती जागी झाली. आम्हाला बघून दचकली नाही. तिचा चेहरा... कसं सांगू? तिचं वय दिसलं मला त्या दिवशी पहिल्यांदा. बरंच कमी होतं.

"किती वाजले?" म्हणाली. आणि उठून बसायला गेली, तर तिच्या पाठीमागून काहीतरी घरंगळलं. गुंडाळलेली चादर. पाठीला टेकू दिल्यासारखी लावलेली. तिनं ती हातात घेतली. मग खाली बघितलं. दोन गुडघ्यांच्या मध्ये छोटी उशी होती. टाचांखाली टॉवेलची घडी.

"हे कुणी केलं?"

हळूभाऊनं आतल्या दाराकडे बघितलं.

"मी तर नुसती आडवी झाले होते. डोक्याखालीसुद्धा काही घेतलं नव्हतं. हे सगळं तिचं आहे. मी कपाटात ठेवून दिलं होतं." तिनं हळूभाऊकडे बघितलं. "तुम्ही?"

"मला कुठलं येतंय हे," हळूभाऊ म्हणाला. "आणि झोपलेल्या बाईच्या अंगाला मी हात लावेन?"

कपाट तिच्या डोक्याशी होतं. कडी लावलेली होती. मी स्वतः बघितली.

मी म्हटलं, "अगं, तूच केलं असशील झोपेत. एवढी वर्षं केलंस, हाताला सवय."

शिवणकाम करणारी बाई. वाकून तिनं टाचांखालचा टॉवेल बघितला, आणि बघतच राहिली. मग त्याच्या कडेवरून बोट फिरवलं.

"मी असा ठेवत नव्हते," ती म्हणाली. "ही शिवण आहे ना जाड, ती मी टाचेकडे करून ठेवायचे. अर्धवट झोपेत असायचे, कोण बघतंय. ठेवून मी वळले रे वळले की ती परत फुंकायची. दोनदा. मला राग यायचा. आताच तर वळवलंय, आता आणखी काय हवंय हिला..."

तिचं बोट शिवणीवर थांबलं.

"बोचत असणार, भाऊ. ती शिवण बोचत होती तिला. इतकी वर्षं."

मी टॉवेल बघितला. शिवण बाहेरच्या बाजूला होती.